टॉवेलांची चढाई आणि न्हाणीघराचा वेढा

धुतल्या वस्त्रावर डाग लपत नाही आणि घडल्या गोष्टीवर पडदा टिकत नाही, हे चित्तीं धरोन, जे जाहले ते जैसे जाहले तैसेच पुढे लिहिले आहे. कोणाची भीड राखिली नाही, कोणाचा आकस धरिला नाही. ज्यांस हसू येईल त्यांनी खुशाल हसावे. परंतु ज्यांचे घरी कपडे धुण्याचे यंत्र असेल त्यांनी हसता हसता कान उघडे ठेवावे, कां की हकीकत त्यांचे कामाची आहे.

ऐसियास, भरल्या पेठेच्या मागील गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि त्यांस जोडणारा एक चिंचोळा बोळ, इतक्या मुलुखाची एक दौलत होती. दौलतीचे धनी राजमान्य राजश्री कात्रीबहाद्दर, पेठेतील केशकर्तनालयाचे खासे मालक. भल्याभल्यांनी यांजपुढे मान खाली घालावी आणि हे म्हणतील तेव्हाच वर करावी, ऐसा दबदबा. त्यांच्या मातुश्री थोरल्या बाईसाहेब; उजवा खांदा जखडलेला, परंतु जिभेची तोफ अष्टौप्रहर ठासलेली. आणि घरातील तिसरे माणूस म्हणजे कात्रीबहाद्दरांच्या पत्नी, सूनबाई. या चष्म्याच्या दुकानी नोकरीस होत्या. दिवसभर लोकांस बारीक अक्षरे वाचावयास लावीत आणि "आता स्पष्ट दिसतं का?" ऐसे पुसत, परंतु घरी त्यांस स्वतःस काय दिसते, हे कोणी पुसत नसे. ही हकीकत मुख्यत्वे त्यांचीच.

बोळाचे शेवटास न्हाणीघर, त्याचे दार बाहेर बोळाकडे उघडणारे. दाराच्या अलीकडे एका कोनाड्यात सूनबाईंनी लग्नानंतर हट्टाने आणविलेले धुलाईयंत्र ठाण मांडोन बसले होते. अंग पांढरे, पोटास वाटोळी काच. ते आले त्या दिवशी बाईसाहेबांनी नापसंती जाहीर केली होती की, आम्ही जन्मभर हातांनी धुतले, ते हात काय उसने आणिले होते? परंतु यंत्राने पहिल्याच धुण्यात उशांचे अभ्रे ऐसे काही काढिले की बाईसाहेब मुकाट जाहल्या, आणि मुकाट होणे हीच त्यांचे दरबारी मोठी शाबासकी. तिघांचे कपडे, दिवसाआड एक फेरी, मग दार उघडे टाकोन वारा खाणे, ऐसा यंत्राचा संसार सुखाचा चालिला होता.

मग काळ फिरला. केशकर्तनालयाचे टॉवेल धुणारे लाँड्रीवाले पेठ सोडोन लेकाकडे राहावयास गेले, आणि कात्रीबहाद्दर एके सायंकाळी काखेत चार टॉवेल मारोन घरी दाखल जाहले. सूनबाईंपाशी अर्ज गुदरला की, चारच आहेत, आपल्या कपड्यांसंगे फिरतील, दुसरा लाँड्रीवाला मिळेतोवर सांभाळोन घ्यावे. सूनबाईंनी पाहुणे म्हणोन त्यांस आत घेतिले. परंतु बोट दिले की मनगट जाते हा जगाचा न्याय. चाराचे मागोमाग पिशवी आली, पिशवीमागोमाग गाठोडे आले, गाठोड्यासंगे गिऱ्हाइकांचे गळ्यात बांधावयाची काळी कापडे आली, आणि दुसरा लाँड्रीवाला शोधण्याचा मनसुबा कात्रीबहाद्दरांचे जिभेवरच राहिला. तशात दुकानी तिसरी खुर्ची मांडिली गेली. गुबगुबीत, पाय दाबिताच वरखाली होणारी, मान टेकावयास उशी असलेली. कात्रीबहाद्दर रोज तिजवर फडके मारीत आणि तिच्याहून अधिक फुगत. खुर्ची दुकानी राहिली, तिचे टॉवेल घरी आले. मग सकाळी उठोन एक फेरी, कामावर निघता निघता दुसरी, आल्या आल्या तिसरी, आणि जेवणे उरकताच आणखी एक, ऐसा यंत्रामागे ससेमिरा लागला.

टॉवेल ही जात कापडांत मोठी दगाबाज. कोरडा असता पिसासारखा, भिजला की धोंडा. सूनबाई अर्धेच यंत्र भरीत. परंतु ज्या दिवशी कात्रीबहाद्दर खासा भरावयास बसत त्या दिवशी ते गुडघा देवोन ठासीत, आणि काच मिटली म्हणजे सर्व मावले ऐसे मानीत. साबणही वाटीने नव्हे, ओंजळीने.

यंत्र मुके, परंतु त्याने आपल्या परीने इशारे दिले. प्रथम एका पायाचे रबर झिजोन निखळले. तेथे सूनबाईंनी पुठ्ठ्याची घडी दिली. मग ड्रमचा हादरा सोसणारे आतील दांडे ढिले पडले आणि पिळण्याचे वेळी यंत्र उभ्या जागी थयथयाट करू लागले. मग पाठीमागील बेअरिंग वाजू लागली; प्रथम कबुतर घुमावे तैसी, आणि पुढे विमान डोक्यावरून जावे तैसी, की बोलणाऱ्याने मध्येच थांबावे. भिंतीतील प्लगाची जागा तापोन काळी पडली, तेव्हा स्वयंपाकघरातून वायरीचा बोर्ड ओढोन बोळात जमिनीवर मांडिला. आणि केस! काचेभोवतीच्या रबरात केस, गाळणीत केस, मोरीच्या जाळीत केस. सूनबाईंनी एकदा आपल्या पांढऱ्या कुडत्यावर कोणा अनोळखी मिशीचे तुकडे पाहिले आणि त्यांस अन्न गोड लागले नाही.

तेव्हा त्यांनी सुटीचे दिवशी भर पंगतीत फिर्याद मांडिली की, यंत्र घरासाठी केलेले आहे, दुकानासाठी नव्हे. ऐसेच चालिले तर ते फार दिवस काढणार नाही. कात्रीबहाद्दरांनी आमटीत पाहिले. न्याय बाईसाहेबांनी दिला तो ऐसा की, घरचा धंदा घरच्या यंत्राने धुवावयाचा नाही तर कोणाच्या? यंत्र आहे ते, त्यास कसली दमणूक? बटण दाबावे आणि बाजूस व्हावे. आमचे वेळी बटण नव्हते.

"मग दाबा तुम्हीच," सूनबाई म्हणाल्या, आणि ताट उचलोन निघोन गेल्या.

त्या दिवसापासोन उभयतांचा बोलण्याचा व्यवहार तुटला. बाईसाहेबांनी फ्रिजकडे पाहोन म्हणावे की, दूध संपलेले दिसते. सूनबाईंनी खिडकीस कळवावे की, आणलेले आहे. कात्रीबहाद्दर दोन्ही तोफांमध्ये मान खाली घालोन जेवीत आणि लवकर दुकानी पळत. टॉवेल मात्र येतच राहिले, आणि बटण दाबावयास बाईसाहेब काही आल्या नाहीत. सूनबाईच दाबीत, सूनबाईच काढीत, सूनबाईच दोऱ्यांवर घालीत, आणि रविवारपासून शनिवारपर्यंत त्यांच्या बिछान्याचे अर्धे अंग टॉवेलांच्या घड्यांनी व्यापिलेले असे.

आता मुख्य प्रसंग. सूनबाईंस दुकानची सुटी होती. कात्रीबहाद्दर सकाळी निघण्यापूर्वी यंत्र खासा ठासोन गेले, आणि त्या दिवशी त्यांनी टॉवेलांचे पोटात दुकानाच्या दारातील जाडजूड पायपुसणेही लोटिले, ज्याचे बूड रबराचे आणि ज्यावर सर्व पेठेची धूळ. बाईसाहेब न्हाणीघरात गेल्या. सूनबाईंनी चहा गाळिला, कप घेवोन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या, आणि तितक्यात यंत्रास पिळण्याची घटका आली.

प्रथम घरघर. मग दणका. पायपुसणे एकीकडे गोळा होवोन बसले, टॉवेल दुसरीकडे, आणि ड्रमास तोल उरला नाही. पुठ्ठ्याची घडी उडोन गेली. यंत्राने एक अंग उचलिले, मग दुसरे, आणि कैक महिने जे उभ्या जागी नाचत होते ते ठाणे सोडोन मुलुखगिरीस निघाले. कोनाड्यातून बाहेर आले, गुळगुळीत फरशीवर तिरके वळले, आणि धडधड धडधड करीत न्हाणीघरावर चालोन गेले. सूनबाई ओरडेतोवर त्याने एक खांदा दारास दिला, दुसरा समोरच्या भिंतीस, आणि तेथे पाचरीसारखे रुतोन तांबडे दिवे मिचकावीत बंद पडले. पोटात पाण्याने जड जाहलेले टॉवेल तैसेच होते. येणेप्रमाणे न्हाणीघरास वेढा पडला आणि थोरल्या बाईसाहेब आत कोंडल्या गेल्या.

येथे खरे लिहिणे प्राप्त आहे. सूनबाईंचे मनात त्या क्षणी प्रथम काळजी आली नाही. प्रथम आला तो आनंद; लहानसा, चोरटा, साखरेच्या कणाएवढा. यंत्र ज्यांनी राबवावयास सांगितले त्यांच्याच दारावर ते चालोन गेले, याहून सरळ न्याय कोणत्या दरबारी मिळतो? सूनबाईंनी चहाचा एक घोट घेतिला. मग दुसरा घेतिला. मग आतून कडी वाजली, दार खडखडले, आणि किल्ल्यातून पुकारा आला.

"कोणी आहे का बाहेर?"

बाहेर कोण आहे हे बाईसाहेबांस पक्के ठाऊक होते. फ्रिजने उत्तर देण्याची सोय नव्हती.

"आहे," सूनबाई म्हणाल्या.

"दार ढकलतेय, उघडत नाही."

"मशीन चालत आलंय. दाराला अडलंय."

"मशीन कसं चालत येईल? त्याला काय पाय आहेत?"

"आहेत की. चार. त्यातला एक पुठ्ठ्याचा होता."

हे बोलणे आणखी रंगास चढते, परंतु त्याच वेळी कोनाड्यात कडाड ऐसा आवाज जाहला. यंत्र पुढे गेले तेव्हा त्याने पाण्याची नळी ताणिली होती, नळीने नळाची मान ओढिली होती, आणि ती मान आता भिंतीतून तुटोन पडली. पाण्याची धार सुटली ती समोरच्या भिंतीवर आदळोन बोळभर पसरली. सूनबाईंनी कप टाकिला, धावल्या, तळहाताने धार दाबोन पाहिली, फडके कोंबोन पाहिले. धारेने फडके तोंडावर परत दिले. नळ मोडला, आता त्यास फिरवावे काय? एक व्हॉल्व्ह गच्चीवरील टाकीपाशी, आणि गच्चीस कुलूप; दुसरा न्हाणीघरात, आणि न्हाणीघरास वेढा. बोळाचा उतार न्हाणीघराकडे, न्हाणीघराची मोरी केसांनी तुंबलेली. जे पाणी बोळात पडले ते दाराखालोन आत शिरले आणि आतून जावयास त्यास वाट मिळेना.

सूनबाईंनी यंत्रास धरोन ओढिले. ते तसूभर हलले नाही. मग कात्रीबहाद्दरांकडे फोनवरून निकडीची खबर धाडिली, जिचा मजकूर इतकाच होता: "आई बाथरूममध्ये अडकल्यात, घरात पाणी भरतंय, असाल तसे या." आणि फोन ठेविताना त्यांची नजर खाली गेली. वायरीचा बोर्ड जमिनीवर होता. पाणी त्याच्या कडेस लागले होते, आणि सूनबाई त्याच पाण्यात अनवाणी उभ्या होत्या.

त्या कशा उडी मारोन उंबऱ्यावर आल्या हे त्यांस पुढेही सांगता आले नाही. हात लांबवोन त्यांनी मेन स्विच खाली पाडिला. घरभर जे काही चालू होते ते गप्प जाहले, आणि न्हाणीघरात, जेथे खिडकी म्हणजे काय ती वितभर जाळी, तेथे अंधार पडला.

"अगं! दिवा का घालवलास?" आतील आवाज आता तोफेचा नव्हता. म्हाताऱ्या माणसाचा होता.

"बोर्ड पाण्यात आलाय, आई. करंट लागेल म्हणून मेन बंद केला."

बाईसाहेब चाचपडत दाराशी आल्या.

"तू पाण्यात उभी होतीस?"

"हो."

"मग आधी बाजूला हो! कोरड्यात हो आधी! माझं नंतर बघ!"

बाईसाहेबांची तोफ आजवर सूनबाईंच्या दिशेने पुष्कळ वेळा धडधडली होती, परंतु सूनबाईंच्या बाजूने ती डागली गेल्याचा हा पहिलाच प्रसंग. सूनबाईंचे डोळे ओले जाहले. बोळात धार उडत होती, तिचे पाणी असेल.

"मी ठीक आहे, आई. तुमच्यापाशी किती आलंय?"

"घोट्याच्या वर. गार आहे. आणि काही दिसत नाही ग मला, चष्मा बाहेर राहिला."

जी बाई दिवसभर परक्यांस दिसते का म्हणोन पुसत असे तिने आता दारास कान लावोन आपल्या सासूस डोळे उसने दिले. यंत्राच्या अंगावरून ओणवे होवोन, ओठ फटीशी नेवोन, सूनबाईंनी मसलत सांगितली ती ऐशी: भिंतीस हात लावोन चालावे, पाय उचलू नये, घसटत न्यावा. गीझर लागेल. त्याच्या डाव्या अंगास, डोक्याच्या उंचीवर, एक मूठ आहे. बोळातील नळाचे पाणी तेथोन बंद होते.

"सापडली," आतून आले. "फिरवते."

फुस्स ऐसा आवाज जाहला आणि मागोमाग किंकाळी. ती मूठ शॉवरची होती. बाईसाहेब नुकत्याच कोरडे लुगडे नेसलेल्या; त्या नखशिखांत भिजल्या आणि त्यांनी मूठ परत फिरवीत शॉवर करणाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, ज्याचा मजकूर येथे गाळिला आहे.

"ती नव्हे आई, तिच्या वरची! छोटी, लाल!"

"मला लाल आणि काळी सारखीच दिसतेय इथं!"

"गोल आहे. फुलासारखी. खाचा लागतील बोटाला."

"हां. लागल्या. घट्ट आहे, हलत नाही. उजवा हात वर जात नाही माझा."

"डाव्या हातानं धरा. खुंटीवर टॉवेल आहे बघा, तो गुंडाळा मुठीला, म्हणजे निसटणार नाही. आणि घड्याळाचे काटे जातात तशी फिरवा. सावकाश. पाय घट्ट रोवा आधी."

मग आतून नुसता श्वास ऐकू येवो लागला. एकदा हुंकार. एकदा "आई ग." सूनबाईंनी यंत्राच्या थंड पत्र्यावर कपाळ टेकिले. धारेचा आवाज कानी पडत होता आणि त्या मनातल्या मनात घसरू नको, घसरू नको, इतकेच घोकीत होत्या. मग धार लवली. मग कारंज्याची पिचकारी जाहली, पिचकारीची लाळ जाहली, आणि थेंब थेंब करीत बोळातील पाणी थांबले.

"थांबलं, आई! थांबलं!"

"मग ओरडतेस कशाला," बाईसाहेब म्हणाल्या. आत बादली पालथी घालण्याचा आवाज आला. बाईसाहेब तिजवर बसल्या. सूनबाई बाहेर यंत्रास पाठ लावोन ओल्या फरशीवर बसल्या. मध्ये एक दार, एक यंत्र आणि गाठोडेभर टॉवेल. कुमक येईतोवर काही काम उरले नव्हते.

"त्या मशीनला झालं तरी काय?" बाईसाहेबांनी विचारिले.

"दमलं."

"मशीन?"

"एका घराचे कपडे धुवायला केलेलं आहे ते. आपण त्याला तीन खुर्च्यांचं धुणं घातलं, रोज, वर गच्च भरून. त्यातलं सगळं झिजलं, आई. मशीन दमतं. आणि मीही दमते."

"तू कशानं? धुतं तर ते."

"धुतं. काढतं कोण? वाळत कोण घालतं? केस कोण उपसतं? रोज त्या ढीगभर घड्या कोण करतं?"

आत बादली करकरली.

"मला वाटायचं, मशीनच सगळं करतं," बाईसाहेब म्हणाल्या.

"मशीन घड्या नाही करत, आई."

"नाही करत," त्या म्हणाल्या. मग थांबल्या, आणि पुढचे बोलल्या ते दाराकडे तोंड करोन नव्हे, अंधाराकडे करोन बोलल्या. "माझ्या गुंड्याच्या बाबांचं दुकान होतं तेव्हा ते टॉवेल मी धुवायचे. दगडावर. रोज. हा खांदा कशानं गेला असं वाटतं तुला? डॉक्टर म्हणाले वयानं. वय काय एकाच खांद्याला येतं?"

सूनबाईंस खांद्याची ही गोष्ट ठाऊक नव्हती. घरात कोणासच नव्हती.

"मग तुम्ही मला कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं? मला वाटायचं, हिचं किती बरंय. हिला बटण आहे. खरं सांगू? तुझा राग यायचा मला. माझ्या वेळी बटण असतं तर, असं वाटायचं."

सूनबाईंनी हात मागे नेवोन यंत्राच्या कडेने दाराच्या फटीत घातिला. पलीकडून ओली, सुरकुतलेली दोन बोटे आली, कां की फट तितकीच होती. त्यांनी काही धरिले नाही, नुसती टेकली.

इतक्यात जिन्यावर गदारोळ जाहला आणि कुमक येवोन पोहोचली. अग्रभागी कात्रीबहाद्दर, हातात उघडा वस्तरा तैसाच, कां की असाल तसे या हा हुकूम त्यांनी अक्षरशः पाळिला होता. त्यांच्या मागे पेठेतील धान्याचे व्यापारी, जे त्या वेळी तिसऱ्या खुर्चीवर मान टाकोन बसले होते. गळ्यात काळे कापड, एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस. वस्तरा निघोन गेला तर दाढी कोण करणार, या विचाराने ते वस्तऱ्यामागोमाग धावत आले होते. देहाने मात्र साक्षात बुरूज.

कात्रीबहाद्दरांनी पाणी पाहिले, यंत्र पाहिले, ओली बायको पाहिली, आणि प्रथम उद्गार काढिला तो हा: "पायपुसणं घालायला नको होतं का?"

सूनबाईंनी त्यांजकडे नुसते पाहिले. त्यांनी वस्तरा मिटोन खिशात घातिला आणि यंत्रास हात घातिला.

मग मोठे घनघोर ओढणे जाहले. सूनबाईंच्या तजविजीने प्रथम काच उघडिली आणि ओले टॉवेल एकेक करोन उपशिले, म्हणजे यंत्राचे वजन उतरावे. सोबत पोटातील पाणीही लोटले आणि व्यापाऱ्यांच्या चपला वाहोन गेल्या. पायपुसणे निघाले तेव्हा ते मेलेल्या रेड्यासारखे लोंबत होते. मग व्यापारी एका कोपऱ्यास, कात्रीबहाद्दर दुसऱ्यास, सूनबाई मध्ये, आणि तिघांनी एकदम जोर केला. कात्रीबहाद्दर घसरोन बसले. उठले, परत धरिले. व्यापाऱ्यांच्या गालावरील फेस यंत्रास लागला. दुसऱ्या जोरास पत्रा करकरला, तिसऱ्या जोरास पाचर सुटली, यंत्र हातभर मागे आले, आणि दार उघडले.

थोरल्या बाईसाहेब आडव्या अंगाने बाहेर पडल्या. केस गळ्यास चिकटलेले, लुगडे निथळत, डाव्या मुठीत टॉवेल तैसाच आवळलेला. सर्वांस वाटले की आता त्या निजावयास जातील. परंतु त्यांनी जागीच उभे राहोन दरबार भरविला आणि हुकूम फर्माविला की, आजपासोन या घरात दुकानाचे एक सूतही येणार नाही.

"आई, पण दुकानात मशीन ठेवायला जागा कुठाय?" कात्रीबहाद्दरांनी काकुळतीने विचारिले.

"तिसरी खुर्ची काढ."

"आई!"

"खुर्ची काढ, तिथं मोठं मशीन बसव, दुकानाच्या कामाचं. आणि त्यातलं वाळत घालायचं, घड्या करायच्या, ते तू करायचंस, गुंड्या. हिनं नाही."

कात्रीबहाद्दरांचे हे नाव पेठेत कोणास ठाऊक नव्हते. व्यापाऱ्यांनी ते ऐकिले, ध्यानी ठेविले, आणि अदबीने म्हणाले, "खुर्ची काढा हवं तर. पण आधी माझा दुसरा गाल करा."

तह तेथेच मुक्रर जाहला.

पुढे यंत्राचे वैद्य आले. त्यांनी पाठ उघडिली, गंजलेली बेअरिंग बाहेर काढिली, हादऱ्याचे दांडे हातांनी दाबोन दाखविले, ते परत वर येण्याचे नाव घेईनात. मग खालची गाळणी उघडोन तीतून केसांचा एक ऐसा गोळा काढिला की बाईसाहेबांस वाटले उंदीर.

"घरात माणसं किती?" वैद्यांनी पुसिले.

"तीन," सूनबाई म्हणाल्या.

वैद्यांनी गोळ्याकडे पाहिले, मग घराकडे पाहिले. "मला वाटलं होस्टेल आहे."

त्यांनी सांगितले ते ऐसे की, यंत्रात खोट नाही. जे आयुष्य पुष्कळ वर्षांत खर्चावयाचे ते थोडक्यात उधळिले गेले, इतकेच. प्रत्येक यंत्र काही एक फिरणे पोटात घेवोन जन्मते. ते जपोन वापरिले तर लांबते, रोज ठासोन वापरिले तर आटोपते. वरती तळहात उभा राहील इतकी जागा रिकामी ठेवावी, साबण बेताचा घालावा, गाळणी वरचेवर धुवावी, आणि दोन फेऱ्यांमध्ये त्यास जरा थंड होवो द्यावे. बाईसाहेब हे सर्व मान हलवीत ऐकत होत्या, आणि शेवटी त्यांनी विचारिले की, खांद्याची बेअरिंग बदलोन मिळते काय? वैद्य हसले. सूनबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याच आठवड्यात बाईसाहेबांस खांद्याचा व्यायाम शिकविणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेले, आणि नेताना वाटभर उभयतांचे रिक्षात भांडण जाहले.

दुकानी तिसऱ्या खुर्चीचे जागी मोठे धुलाईयंत्र बसले. कात्रीबहाद्दर पहिल्या दिवशी शीळ वाजवीत टॉवेल वाळत घालावयास गेले. आठवडा लोटेतोवर शीळ थांबली. एके दिवशी जेवताना त्यांनी मनगट चोळीत निवेदन केले की, धुणे काही नव्हे, परंतु ते वाळत घालणे आणि घड्या करणे यातच माणूस अर्धा होतो, हे तुम्हांस ठाऊक आहे काय? सासूने सुनेकडे पाहिले, सुनेने सासूकडे पाहिले, आणि दोघींस ऐसे हसू लोटले की आमटी वाढणे राहोन गेले. कात्रीबहाद्दरांस कारण कळले नाही, परंतु पुष्कळ दिवसांनी घरात हसणे जाहले म्हणोन तेही हसले.

आणि पुढील सुटीचे दिवशी, उन्हे पार पलंगावर आली तरी सूनबाई उठल्या नाहीत. बिछाना सर्व त्यांचा होता, त्या त्यावर आडव्यातिडव्या पसरल्या होत्या. बाईसाहेबांनी तिघांचे चार कपडे यंत्रात घातिले, वर तळहात उभा करोन जागा तपासिली, आणि बटण खासा दाबिले. मग स्टूल ओढोन काचेसमोर बसल्या आणि आत आपले लुगडे, लेकाचा शर्ट आणि सुनेचा कुडता एकमेकांभोवती फिरताना पाहात राहिल्या. यंत्र नवीन रबरांवर, जागचे न हलता, हलकेच गुणगुणत होते. कात्रीबहाद्दर चहाच्या आशेने आले आणि मोठ्याने पुसते जाहले की, ही अजून उठली नाही काय?

बाईसाहेबांनी ओठांवर बोट ठेविले. "हळू बोल. दमलीय ती. चहा तूच कर."

येणेप्रमाणे टॉवेलांची चढाई मोडली, न्हाणीघराचा वेढा उठला, यंत्र ठाण्यावर कायम जाहले आणि फत्ते पदरी पडली, ती यथातथ्य लिहोन ठेविली आहे. रिवाजाप्रमाणे फत्तेची नौबत वाजवावयाची. परंतु सूनबाईंची झोप मोडो नये, सबब वाजविली नाही.